किल्लारीनंतरची चूल

चाकण, महाळुंगे, मोशी, भोसरी या आपल्या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांमधून लातूर-धाराशिवकडची कितीतरी कुटुंबं राहतात. कंपनीच्या कामासाठी आलेली. त्यांच्यातली जरा वयस्क बाई भेटली की बोलता बोलता 'त्र्याण्णव साल' निघतंच. भूकंप कसा झाला ते पुष्कळदा सांगून झालंय. आज आम्ही त्याच्या नंतरचं सांगणार आहोत. विस्कटलेली घडी पुन्हा बसली कशी, आणि बसवली कुणी.

तरी थोडं मागचं सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. औसा तालुक्यातलं किल्लारी, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच गाडली गेली. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. वर्षभर आधी, १९९२च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीला लहान-मोठे धक्के बसत होते. लोक घाबरून बाहेर झोपत होते. पुढे धक्के कमी झाले, तशी माणसं पुन्हा घरात गेली. त्या काळच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेला म्हणून दाखवला होता.

माणसं मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड दगड-मातीच्या भिंती, आणि वर माळवदावर फूट-दोन फूट माती. उन्हाळ्यात गार राहणारं, पिढ्यान्‌पिढ्या चांगलं मानलेलं घर. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे काही ठिकाणी भिंती बाहेर पडल्या, पण वरचं छप्पर खांबांवर तरून राहिलं आणि खालची माणसं वाचली. त्याच माळवदांच्या तुळया पुढच्या दोन-चार दिवसांत चितांसाठी वापराव्या लागल्या. वरून पाऊस सुरू होता.

मग आले पत्र्याचे शेड. दुपारी तापायचे, पावसात वाजायचे. त्यातच पिठाचा डबा, त्यातच आजारी माणूस, त्यातच बाळंतीण. पण आमच्या मते रोजचं जगणं पुन्हा सुरू झालं ते इथेच. शेडसमोर तीन दगड मांडून चूल पेटली, जनावरांना वैरण गेली, आणि ज्वारीची पेर चुकू नये म्हणून माणसं सुतकातच शेतात गेली. रब्बीची वेळ कुणासाठी थांबत नाही.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं दुसऱ्या जागी वसवायची ठरली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, संस्थांनी गावं दत्तक घेतली. घराचं माप जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्यापुढे सात हेक्टरपर्यंत ४५०, आणि त्याहून जास्त असेल तर ७५०. कागदावर हे सोपं होतं. पण एका मापाची घरं एका रांगेत आली, त्यामुळे जुन्या बोळातल्या शेजारणी पांगल्या. तान्हं पोर पाच मिनिटं सांभाळायला द्यायचं तर रुंद रस्ते ओलांडून जायचं. शेत लांब पडलं. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, धान्य कुठे ठेवायचं, याचा विचार पुष्कळ आराखड्यांत नव्हताच. काँक्रीटच्या खोलीत चूल पेटवली की धूर कोंडायचा.

बायांनी काय केलं? चूल बाहेर काढली. पुढे पत्र्याचं किंवा कुडाचं छप्पर टाकलं, तिथे स्वयंपाक सुरू केला. काही घरांत संडास-न्हाणीत सरपण आणि पोती गेली. पाहणीला आलेल्यांना हे अडाणीपणाचं वाटायचं. आम्हाला तसं वाटत नाही. ज्या घरात भाकरी भाजायला नीट जागा नाही, ते घर अपुरं आहे, आणि अपुरं राहिलेलं काम त्या बायांनी पुरं केलं. दगडाच्या भिंतीची भीती मात्र मनातून लवकर गेली नाही. दगड चांगला असूनही 'सिमेंटचंच पाहिजे' असा हट्ट पुष्कळांनी धरला.

जी गावं हलवली नाहीत, तिथली गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. तिथे तडे गेलेली घरं जागेवरच दुरुस्त करायची होती. पैसे सरकार टप्प्याटप्प्याने देणार, आणि काम घरमालकाने करून घ्यायचं. लोकांना माहिती कोण देणार? प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे हे काम आलं, आणि त्यांनी गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. सरकारी कागद समजावून सांगायचा, पुढचा हप्ता कशावर अडलाय ते पाहायचं. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड किती अंतरावर बसवायचा, कोपरे कसे बांधून घ्यायचे, माळवदावरची माती का कमी करायची, हे शिकायचं आणि गवंड्याकडून करून घ्यायचं. घरबांधणीत तोवर बाईच्या वाट्याला पाटी उचलणं होतं. आता तीच गवंड्याला 'हे काढून पुन्हा लाव' म्हणू लागली. दुरुस्ती संपली तरी मंडळं मोडली नाहीत. पुढे त्यातूनच बचत गट झाले, आणि दवाखाना, पाणी, रेशनचे प्रश्न त्यांच्या बैठकीत येऊ लागले.

आपल्या पुण्याचाही यात हात आहे. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली, आणि वाघोलीला त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय झाली. लेकरू शिकेल म्हणून आनंद, आणि नुकतीच माणसं गमावलेल्या घरातून आणखी एक जीव दूर जाणार म्हणून घालमेल. त्या घरांतल्या आयांना आणि आज्यांना हा निर्णय सोपा गेला नसणार.

२६ जानेवारी २००१ला गुजरातेत कच्छमध्ये भूकंप झाला. तेव्हा लातूर-धाराशिवच्या गटांतल्या बाया तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेल्या घरापुढे बसलेल्या बाईशी काय बोलायचं, हे त्यांना ठाऊक होतं. धीर तर त्यांनी दिलाच, शिवाय घर ताब्यात घेण्याआधी काय काय विचारायचं तेही सांगितलं: भिंत कशी बांधणार, हप्ता कधी मिळणार, जनावरं कुठे बांधायची, चूल कुठे मांडायची.