सभामंडपातील शिसवी डेस्क



श्री भैरवनाथाच्या देवळाचा इतिहास याच स्मरणिकेत आपल्या निवृत्त गुरुजींनी विस्ताराने लिहिला आहे. त्यात पुन्हा हात घालण्याचा माझा अधिकार नाही. समितीने मला निराळाच विषय दिला. सभामंडपात उजव्या हाताला, घंटेच्या खांबाशेजारी जे उतरत्या झाकणाचे काळे डेस्क ठेवले आहे, त्याची हकीकत लिहा, असे सांगितले. मी तहसील कार्यालयात लिपिक आहे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. वडील त्याच कचेरीत शिपाई होते, त्यांच्या पश्चात मी अनुकंपा तत्त्वावर लागलो. जन्म सुताराच्या घरातला. म्हणजे लाकूड आणि कागद या दोन्हींशी माझा संबंध येतो. बहुधा म्हणूनच हे काम माझ्याकडे आले असावे.

डेस्क अस्सल शिसवीचे आहे. लांबी अडीच फूट, रुंदी पावणेदोन फूट. मागची बाजू उंच, पुढची ठेंगणी. खुर्चीवर बसून लिहिण्याचे हे मेज नव्हे. खाली बैठक घालायची, पाठीला लोड, मांडी घालून बसायचे आणि उतरत्या झाकणावर कागद ठेवून लिहायचे. झाकण उचलले की आत दोन मोठे कप्पे, एक कलमदानाचा लहान कप्पा आणि त्याच्या मागे एक चोरकप्पा. लाकडात लाकूड बसवून सांधे केलेले असून खिळा फक्त पितळी कडीकोयंड्याला मारलेला आहे. मागचा उजवा कोपरा करपून कोळशासारखा झाला आहे. त्याविषयी पुढे येईलच.

हे डेस्क आपल्या गावच्या कुलकर्ण्यांचे. नव्या पिढीला कुलकर्णी हे फक्त आडनाव वाटते. पूर्वी तो हुद्दा होता आणि वंशपरंपरेने चालणारे वतन होते. पाटलाने गाव सांभाळायचा आणि कुलकर्ण्याने गावचा हिशेब लिहायचा, अशी रीत. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, कोणत्या शेतात काय पिकले, बलुतेदाराला खळ्यावर काय मिळायचे, हे सर्व त्याच्या दप्तरी. लिपी मोडी. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली बोरूने अक्षरे जोडत जायचे. ओली शाई सुकावी म्हणून वर बारीक वाळू टाकायची. कागद चौकोनी कापडात बांधून ठेवायचे, त्याला रुमाल म्हणत. इंग्रजांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यातून नवी जमीनमोजणी व बंदोबस्त सुरू केला. पुढे गावोगाव शेताला सर्व्हे नंबर पडले. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली. आजचा सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र. त्याची मुळे तिथवर जातात. नियम सरकारचे असले तरी गावात लिहिणारा हात कुलकर्ण्याचाच राहिला.

त्या हाताची लोकांना भीती वाटे, हेही लिहिले पाहिजे. सगळ्या गावाला अक्षरओळख नाही, आणि एका माणसाला आहे. त्यातून लिपी मोडी, जी शिकलेल्यालाही सवयीशिवाय वाचता येत नाही. समोर बसलेल्या शेतकऱ्याने अंगठा उठवायचा तो विश्वासावर. आपले कुलकर्णी वाईट होते असे मी कोणाकडून ऐकलेले नाही. चांगले होते असेही छातीठोकपणे सांगणारे थोडेच. आजोबा म्हणत, "माणूस सरळ व्हता, पर त्याच्या म्होरं बसलं की घाम फुटायचा." आमच्या कचेरीत खिडकीपुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा पाहिला की मला हे वाक्य आठवते. आता डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर निघतो, तलाठ्याचेही नाव बदलून २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले. तरी काहींचा घाम अजून गेलेला नाही.

कागदाच्या या भीतीचा भडका आपल्या महाराष्ट्रात एकदा उडालेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि तेथून हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. जिथे सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद जाळले आणि लोक घरी गेले. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. हे येथे लिहिण्याचे कारण असे की, आपल्या गावात आग लागली तेव्हा लोक कागद वाचवायला धावले. असे का झाले, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातील ब्राह्मण, हे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील अनेक गावांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. ज्यांचा त्या कृत्याशी काडीचा संबंध नव्हता, ज्यांनी नथुराम गोडसेचे नावही त्याआधी ऐकलेले नव्हते, अशी कुटुंबे एका रात्रीत उघड्यावर आली. आपल्या गावात कुलकर्ण्यांचा वाडा पेटला. जाळणारे बाहेरगावचे होते असे सर्वजण सांगतात. मीही तेच ऐकत मोठा झालो. पण बाहेरगावच्या माणसाला रात्री गल्लीतला वाडा कोणीतरी दाखवावा लागतो, एवढेच लिहून पुढे जातो.

घरातली बायकामुले मागील दाराने निघून पाटलांच्या गोठ्यात गेली. त्यांना पाटलांनी आसरा दिला आणि दोन दिवसांनी बैलगाडीने रेल्वे स्टेशनपर्यंत पोचवले. वाड्याच्या माडीला आग लागली होती, खालची ओसरी अजून धरली नव्हती. त्या ओसरीत तिघेजण शिरले. एक माझे आजोबा. दुसरे माळवाडीतले. तिसऱ्याचे नाव मी त्यांच्या घरच्यांच्या इच्छेवरून देत नाही. त्यांची दीड एकर बागायत कर्जापायी सावकाराकडे गेली होती आणि ती नोंद याच डेस्कावर झाली होती. तिघांनी मिळून डेस्क आणि आठ-दहा रुमाल बाहेर काढले आणि देवळात आणून ठेवले. देऊळ दगडी, ते पेटणार नव्हते. कोपरा करपला तो ओसरीचे आढे खाली आले तेव्हा.

मी आठवीत असताना आजोबांना विचारले होते, एवढ्या आगीत तुम्ही त्यांचे डेस्क का काढलेत? माझी अपेक्षा होती की ते माणुसकी, शेजारधर्म असे काही सांगतील. ते रंध्याचे पाते घासत होते. म्हणाले, "कुलकर्ण्यासाठी न्हाई काढलं बाबा. माझं सव्वा एकर व्हतं त्यात." सुतारकीची ती वतनी जमीन. कागद जळला असता तर ती आमची हे उद्या कोण सांगणार? ज्यांची बागायत गेली होती त्यांचेही तसेच. जमीन गेल्याची नोंद जळाली असती, पण ती कधी आपली होती याचाही पुरावा त्यातच होता. १८७५ चे रोखे सावकाराचे होते. हे दप्तर गावाचे होते. आपल्याला न वाचता येणाऱ्या अक्षरांतच आपले घरदार आहे, हे त्या तिघांना पक्के ठाऊक होते. मला त्यांचे उत्तर तेव्हा आवडले नव्हते. आता कचेरीत वीसेक वर्षे काढल्यावर त्याच्याइतके खरे उत्तर दुसरे सुचत नाही.

कुलकर्णी कुटुंब पुण्याला गेले ते परत राहायला आले नाही. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ सालीच कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले होते. आपला मुलूख इंग्रजी हद्दीत असल्याने येथे वेळ लागला. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली आणि १ मे १९५१ पासून तो अमलात आला. सरकारी तलाठी आले, रुमाल मोजून मामलेदार कचेरीत जमा झाले. मोडीही त्याच सुमारास सरकारी व्यवहारातून गेली. डेस्क मात्र कोणी नेले नाही, कारण ते सरकारचे नव्हते. ते देवळातच राहिले. गुरवांनी त्यात वाती आणि तेलाची बुधली ठेवली. यात्रेची वर्गणी त्यावर लिहिली गेली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामाचे हजेरीपट देवळाच्या सावलीत त्याच डेस्कावर भरले जात आणि शेजारी मुलांना सुकडी वाटली जाई. पुढे आम्ही पोरे झाकणावरून घसरत असू.

आता जीर्णोद्धाराकडे येतो. जुना सभामंडप उतरवला तेव्हा डेस्क शाळेच्या व्हरांड्यात हलवले होते. तेथे ते जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याने पाहिले आणि चाळीस हजार रुपये देऊ केले. कळसाच्या कामाला पैसे कमी पडत होते. बैठकीत बऱ्याच जणांचे मत विकावे असे पडले, आणि त्यात गैर काही नव्हते. मी एवढेच म्हणालो की, विकण्याआधी ते कोणाचे आहे हे पाहू. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ ते देवळात आहे, पण देवळाला ते कोणी दिल्याचा कागद नाही. लोक हसले. कारकुनाला कागदच सुचणार, असे एकजण बोललेही.

विक्रीचा विषय तहकूब झाला आणि मोडलेली बिजागरी बसवण्यासाठी डेस्क आमच्या थोरल्या बंधूंकडे आले. त्यांनी मागची फळी सोडवली तेव्हा चोरकप्प्यात बोरूचा तुकडा आणि एक घडी घातलेला मोडी कागद निघाला. जिल्ह्याच्या गावी मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून तो वाचून आणला. ती या देवळाच्या मागील जीर्णोद्धाराच्या वर्गणीची यादी निघाली. कोणी दोन रुपये, कोणी चार आणे, कोणी पायलीभर जोंधळे. सुताराच्या नावापुढे "मजुरी घेतली नाही" असे आहे. आणि शेवटी तेव्हाच्या महारवाड्यातील अकरा नावे, प्रत्येकापुढे रकमेच्या जागी दोनच शब्द, "दगड वाहिले". ज्या देवळाचे दगड त्यांनी वाहिले, त्याच्या पायरीच्या वर त्यांना येऊ दिले जात नव्हते. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई इलाख्यात १९४७ साली झाला. त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले होते.

ही नावे छापावीत की नाही, यावर बैठकीत चर्चा झाली. आम्ही तिघे बौद्धवस्तीत विचारायला गेलो. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्या घरांचा देवळाशी संबंध उरलेला नाही, तेव्हा त्यांना न विचारता छापणे बरे नव्हते. तेथील वडीलधाऱ्या गृहस्थांनी यादी दोनदा ऐकून घेतली, आपल्या पणजोबांचे नाव आले तेव्हा हात वर करून थांबवले आणि म्हणाले, "आम्हाला देवळाचं काही नको. पण दगड वाहिले ते खरं आहे. खरं आहे ते छापा." त्याप्रमाणे संपूर्ण यादी, अकरा नावांसह, या स्मरणिकेत स्वतंत्र पानावर दिली आहे. तिचा क्रम मूळ कागदातील नाही, अकारविल्हे आहे.

डेस्काच्या मालकीसाठी कुलकर्ण्यांच्या घरी पत्र पाठवले. उत्तर आले नाही, माणूसच आला. वाडा जळाला तेव्हा पाच-सहा वर्षांचा असलेला त्या घरातील मुलगा, आता ऐंशी ओलांडलेला, नातीचा हात धरून मोटारीतून उतरला. गावात पाऊल ठेवण्याची ही त्यांची तेव्हापासूनची पहिलीच वेळ. आधी वाड्याची जागा पाहिली. तेथे आता बोरी-बाभळी आणि जोत्याचे चार दगड आहेत. मग ते आमच्या पडवीत डेस्कापुढे मांडी घालून बसले आणि झाकणावर पालथा हात ठेवला. म्हणाले, "आजोबा याला हात लावू देत नसत." त्या रात्री कोण होते, हे त्यांनी विचारले नाही. आणले कोणी, एवढे मात्र विचारले. तिघांपैकी आज कोणी हयात नाही. आम्ही तिघांच्या घरची माणसे बोलावली. चहा झाला. फारसे कोणी बोलले नाही.

जंगम वस्तूचा ताबा दिला की दान पुरे होते, दस्तनोंदणीची गरज नसते. तरीही मी साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या आणि त्यांनी त्याच डेस्कावर सही केली. त्यांनी एक अट घातली. करपलेला कोपरा रंधून काढायचा नाही. बंधूंनी सर्व डेस्काला चपड्याचे पॉलिश केले, तेवढा कोपरा सोडला. कळसाची तूट दोन मुंबईकर मंडळींनी भरून काढली. त्यांची नावे देणगीदारांच्या यादीत आहेत.

मूळ मोडी कागद कसर लागू नये म्हणून काचेत घालून गाभाऱ्याबाहेर लावला आहे. डेस्कात सध्या देणगी पावतीपुस्तके असतात. किल्ली गुरवांकडे मिळेल. मुलांनी झाकणावरून घसरू नये अशी पाटी समितीने लावली आहे. पाटी लागल्यापासून घसरणारे वाढले आहेत, पण बिजागरी नवी आहे.