घरगुती नॅस सर्व्हरमधील हार्डवेअर सुसंगतता

घरगुती नॅस सर्व्हरमधील हार्डवेअर सुसंगतता म्हणजे घरी स्वतः जुळवलेल्या नेटवर्क साठवण सर्व्हरचे सर्व सुटे भाग एकमेकांशी, तसेच त्यावर चालणाऱ्या कार्यप्रणालीशी बिनचूक जुळून काम करण्याची स्थिती होय. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, डिस्क नियंत्रक, लॅन कार्ड आणि एसएमपीएस हे ते प्रमुख भाग होत. घरातील छायाचित्रे, कागदपत्रे व चित्रफिती एका ठिकाणी साठवून त्या घरातील सर्व संगणकांना व मोबाइल फोनांना उपलब्ध करून देणाऱ्या यंत्रास नॅस म्हणतात. तयार नॅसमध्ये भागांची जुळणी निर्मात्याने तपासलेली असते, स्वतः जुळवलेल्या नॅसमध्ये ती जबाबदारी जुळवणाऱ्याची असते.

विसंगत भागामुळे यंत्र सुरूच झाले नाही, तर दोष लगेच लक्षात येतो. त्याहून घातक दोष म्हणजे यंत्र महिनोन्महिने सुरळीत चालते आणि एखादी डिस्क बदलण्याची वेळ आली की नेमके तेव्हाच कोसळते. साठवलेली माहिती गमावण्याचा धोका अशा वेळी सर्वाधिक असतो. म्हणून विसंगतीचे निदान हा नॅसच्या देखभालीचा मुख्य भाग मानला जातो.

## पार्श्वभूमी

अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांतील एखादी निकामी झाली तरी माहिती शाबूत ठेवण्याची 'रेड' ही कल्पना डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून १९८८ मध्ये मांडली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत विकसित झालेल्या झेडएफएस या फाइल प्रणालीचा स्रोत २००५ मध्ये खुला झाला. प्रत्येक माहितीखंडाची पडताळणी-बेरीज जपून ठेवणे हे तिचे वैशिष्ट्य असून त्यामुळे नकळत बिघडलेली माहितीही ओळखता येते. त्याच वर्षी ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी फ्रीबीएसडीवर आधारित फ्रीनॅस हा प्रकल्प सुरू केला. पुढे त्याचेच नाव ट्रूनॅस झाले. डेबियन लिनक्सवर आधारित ओपनमीडियाव्हॉल्ट हीदेखील प्रचलित प्रणाली आहे. या मोफत प्रणालींमुळे जुन्या संगणकाचा नॅस करणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

## विसंगतीची प्रमुख ठिकाणे

### हार्ड डिस्क

हार्ड डिस्कवर लेखन करण्याच्या दोन पद्धती आहेत. पारंपरिक पद्धतीत (सीएमआर) चुंबकीय पट्टे शेजारी शेजारी असतात. दुसऱ्या पद्धतीत (एसएमआर) ते छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. त्यामुळे कमी जागेत अधिक माहिती मावते, परंतु एक पट्टा बदलायचा तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. नेहमीच्या वापरात हा फरक जाणवत नाही. निकामी डिस्कच्या जागी नवी डिस्क बसवून रेडची पुनर्बांधणी करताना मात्र सलग प्रचंड लेखन करावे लागते. अशा वेळी एसएमआर डिस्क मंदावते आणि प्रणाली तिला निकामी समजून बाहेर काढू शकते. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कसाठी 'रेड प्लस' ही वेगळी मालिका केली. खरेदीपूर्वी डिस्कचा पूर्ण मॉडेल क्रमांक निर्मात्याच्या तक्त्याशी ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दुसरा भेद त्रुटी सुधारण्याच्या कालमर्यादेचा आहे. साधी डेस्कटॉप डिस्क एखादा वाचता न येणारा भाग वाचण्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न करीत राहते. नॅससाठीची डिस्क साधारणतः ७ सेकंदांत प्रयत्न सोडून त्रुटी कळवते. लिनक्सची मूळ प्रतीक्षा-मर्यादा ३० सेकंदांची असते. डिस्कने त्याहून अधिक वेळ घेतला, तर एका लहानशा दोषासाठी संपूर्ण डिस्क संचाबाहेर जाऊ शकते.

तिसरी अडचण वीजजोडाची आहे. साटा मानकाच्या ३.३ या आवृत्तीत वीजजोडाच्या तिसऱ्या पिनला डिस्क दुरून बंद-चालू करण्याचे काम दिले गेले. जुन्या एसएमपीएसमध्ये याच पिनवर ३.३ व्होल्टचा दाब कायम असतो. त्यामुळे नवी डिस्क, विशेषतः बाह्य पेटीतून काढलेली मोठ्या क्षमतेची डिस्क, फिरतच नाही आणि ती मृत असल्याचा समज होतो. ती पिन उष्णतारोधक टेपने झाकणे किंवा ३.३ व्होल्टची तार नसलेला वीजजोड वापरणे हे त्यावरचे उपाय होत. साचेबद्ध प्लॅस्टिकचे हलक्या प्रतीचे मोलेक्स-साटा जोड मात्र आतून जळण्याची शक्यता असल्याने टाळले जातात.

### डिस्क नियंत्रक

मदरबोर्डवरील साटा पोर्ट अपुरे पडल्यास वेगळे कार्ड बसवले जाते. झेडएफएससारख्या प्रणालीला डिस्क थेट दिसाव्या लागतात. हार्डवेअर रेड कार्ड डिस्क स्वतःच्या आड झाकते आणि तिच्या प्रकृतीची माहितीही अनेकदा पुढे पोहोचू देत नाही. त्यामुळे एलएसआय बनावटीची जुनी सर्व्हर-कार्डे 'आयटी मोड' या फर्मवेअरवर नेऊन वापरण्याची पद्धत रूढ आहे. त्यांतील एसएएस १०६८ई चिपची कार्डे २ टेराबाइटहून मोठी डिस्क पूर्ण ओळखत नाहीत. त्यापुढील एसएएस २००८ चिपला ही मर्यादा नाही. ही कार्डे सर्व्हरमधील जोरदार वाऱ्यासाठी घडवलेली असतात. साध्या कॅबिनेटमध्ये ती तापतात व त्रुटी देऊ लागतात, म्हणून त्यांच्यावर वेगळा पंखा बसवावा लागतो.

एसएएस नियंत्रकावर साटा डिस्क चालते, परंतु साटा पोर्टवर एसएएस डिस्क चालत नाही. जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त डिस्क घेताना हा एकमार्गी नियम लक्षात ठेवावा लागतो. अनेक मदरबोर्डांवर एम.२ खाचेत एसएसडी बसवताच एक किंवा दोन साटा पोर्ट बंद होतात. हा दोष नसून रचनाच तशी असते आणि तिचा उल्लेख मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतो.

### रॅम

त्रुटी-सुधारक रॅमचे बफररहित आणि नोंदणीकृत असे दोन प्रकार आहेत. जुन्या सर्व्हरमधून निघणारी स्वस्त रॅम बहुधा नोंदणीकृत असते. ती साध्या मदरबोर्डच्या खाचेत बसते, पण यंत्र सुरू होत नाही. बफररहित प्रकार बसला तरी प्रोसेसर व मदरबोर्ड या दोहोंचा पाठिंबा असल्याखेरीज त्रुटी-सुधारणा कार्यरत होत नाही. सदोष रॅम विशेष धोकादायक असते, कारण ती माहिती डिस्कवर पोहोचण्यापूर्वीच बिघडवते. पुढे पडताळणी-बेरीज केली जाते ती त्या बिघडलेल्या माहितीचीच.

### मदरबोर्ड व लॅन

जुना मदरबोर्ड वापरताना त्याचे ज्ञात दोष पाहावे लागतात. इंटेलने ३१ जानेवारी २०११ रोजी आपल्या ६-मालिकेतील चिपसेटमध्ये दोष असल्याचे जाहीर केले. ३ गिगाबिट वेगाचे साटा पोर्ट कालांतराने क्षीण होत जाणे हे त्याचे स्वरूप होते. ६ गिगाबिटचे दोन पोर्ट त्यातून मुक्त होते. अनेक लहान नॅसमध्ये असलेल्या ॲटम सी२००० या प्रोसेसरच्या घड्याळ-संकेतातील दोष २०१७ मध्ये चर्चेत आला. त्या दोषाने यंत्र एके दिवशी अचानक सुरू होणे बंद होते.

लॅनच्या बाबतीत कार्यप्रणाली निर्णायक ठरते. लिनक्सवर नीट चालणाऱ्या रियलटेकच्या काही चिप फ्रीबीएसडीवर अडखळतात. म्हणून फ्रीबीएसडीसाठी इंटेलची गिगाबिट कार्डे पसंत केली जातात. तथापि इंटेलच्या आय२२५-व्ही या २.५ गिगाबिट चिपच्या आरंभीच्या आवृत्त्यांतही दोष होता, यावरून केवळ नाममुद्रेवर विसंबता येत नाही हे दिसते.

### एसएमपीएस

३.५ इंची डिस्क फिरण्यास प्रारंभ करताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपियर, म्हणजे अंदाजे २४ वॅट खेचते. चालू झाल्यावर ही गरज बरीच उतरते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या, तर केवळ त्यांसाठीच क्षणभर १०० वॅटच्या आसपास वीज लागते. सरासरी वापरावरून एसएमपीएस निवडल्यास सुरुवातीलाच एखादी डिस्क गायब होते. कार्यालयांतून निघालेल्या नामांकित कंपन्यांच्या संगणकांत एसएमपीएसचा जोड अनेकदा प्रमाणित नसतो व साटा वीजजोड दोन-तीनच असतात. असे यंत्र स्वस्त मिळाले तरी त्याचा विस्तार करणे कठीण जाते.

## स्थानिक हवामान व वीजपुरवठा

नागपूर व विदर्भाच्या अन्य भागांत मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. खोलीचे तापमान ४० अंश असल्यास बंदिस्त कॅबिनेटमधील डिस्क सहज ५० ते ५५ अंशांपर्यंत पोहोचते. निर्मात्यांनी दिलेली कमाल मर्यादा साधारणतः ६० ते ७० अंशांची असते. गुगलने एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार तापमान व बिघाड यांचा संबंध समजला जातो तितका सरळ नाही. मात्र अतिउच्च तापमानात आणि जुन्या डिस्कमध्ये तो दिसून येतो. हिवाळ्यात जुळवून तपासलेले यंत्र उन्हाळ्यात त्रुटी देऊ लागले, तर भाग बदलण्यापूर्वी तापमानाची नोंद पाहणे इष्ट ठरते. पाण्याच्या कूलरचा दमट झोत थेट यंत्रावर येऊ देणे टाळावे. त्यातील ओल व धूळ जोडांवर साचते.

वीजपुरवठा खंडित होण्याच्या काळासाठी अनेक घरांत इन्व्हर्टर असतो, पण तो नॅसशी सुसंगत असेलच असे नाही. एसएमपीएस वीज नसताना सुमारे १६ ते १७ मिलिसेकंदच तग धरू शकतो. इन्व्हर्टरला बॅटरीवर येण्यास त्याहून अधिक वेळ लागला, तर दिवे व पंखे चालू राहतात आणि नॅस मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड' असल्यास हा काळ कमी होतो. शुद्ध साइन लहरीऐवजी चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरवर सक्रिय शक्तिगुणक-सुधारणा असलेले काही एसएमपीएस बंद पडतात. अचानक वीज जाऊन लेखन अर्धवट राहू नये, यासाठी बॅटरी उतरताच नॅसला स्वतःहून बंद होण्याचा संदेश देणारा, यूएसबीने जोडलेला यूपीएस अधिक उपयुक्त असतो.

## निदानाची पद्धत

निदानात क्रमाला महत्त्व आहे. माहिती अद्याप वाचता येत असल्यास प्रथम तिची प्रत अन्यत्र काढावी. त्यापूर्वी पुनर्बांधणी किंवा दुरुस्तीची आज्ञा देऊ नये, कारण सदोष केबल वा रॅम तशीच असताना केलेल्या दुरुस्तीने चांगली माहितीही बिघडू शकते.

त्यानंतर एका वेळी एकच भाग बदलावा. त्रुटी देणारी डिस्क दुसऱ्या पोर्टवर दुसऱ्या केबलने जोडावी. त्रुटी डिस्कच्या मागोमाग गेली तर दोष डिस्कमध्ये असतो, मूळ जागीच राहिली तर केबल, पोर्ट किंवा वीजजोडात असतो. दोन भाग एकदम बदलल्यास त्रुटी थांबली तरी तिचे कारण कळत नाही.

डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदींपैकी पुढील क्रमांक विशेष उपयोगी आहेत. क्रमांक ५ पर्यायी जागी हलवलेल्या खंडांची संख्या देतो. क्रमांक १९७ वाचनासाठी अडून राहिलेल्या खंडांची संख्या देतो. हे आकडे वाढत असल्यास डिस्क बदलावी. क्रमांक १९९ प्रवासात बिघडलेल्या माहितीची मोजदाद करतो व तो बहुधा केबलकडे बोट दाखवतो. हा आकडा पुन्हा शून्य होत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का हे पाहावे. स्मार्ट नोंद स्वच्छ असणे ही निर्दोषत्वाची हमी नव्हे. गुगलच्या उपरोक्त अभ्यासात निकामी झालेल्या अनेक डिस्कनी कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती.

| लक्षण | संभाव्य कारण | पहिली तपासणी |
|---|---|---|
| नवी डिस्क फिरत नाही | तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट | दुसऱ्या प्रकारचा वीजजोड |
| मोठी डिस्क सुमारे २ टेराबाइटचीच दिसते | जुना नियंत्रक, यूएसबी पेटी किंवा एमबीआर विभागणी | नियंत्रकाची चिप, जीपीटी विभागणी |
| सुरू होताना एखादी डिस्क गायब | अपुरा एसएमपीएस | कमी डिस्क जोडून पाहणे |
| पुनर्बांधणीत डिस्क बाहेर पडते | एसएमआर पद्धत, तापमान | मॉडेल क्रमांक, तापमानाची नोंद |
| वेग सेकंदाला ११–१२ मेगाबाइटवर थांबतो | लॅन केबलची एखादी जोडी तुटलेली | जोडणीचा वेग १०० मेगाबिट आहे का |
| अनेक डिस्कवर एकाच वेळी पडताळणी-त्रुटी | रॅम, नियंत्रक किंवा एसएमपीएस | मेमटेस्ट८६+ |

वेगाविषयीची ओळ विशेष सूचक आहे. गिगाबिट जोडणीत सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइटचा वेग मिळतो व त्यासाठी केबलमधील चारही जोड्या लागतात. एक जोडी तुटली तरी जोडणी १०० मेगाबिटवर उतरून चालू राहते. दोष केबलचा असताना संशय मात्र डिस्कवर जातो.

## प्रतिबंध

नवे जुळवलेले यंत्र माहिती ठेवण्यापूर्वी काही दिवस चाचणीवर चालवतात. रॅमची रात्रभर तपासणी करतात, प्रत्येक डिस्कवर पूर्ण लेखन-वाचन आणि स्मार्टची दीर्घ चाचणी घेतात. रिकाम्या संचातील एक डिस्क मुद्दाम काढून पुनर्बांधणी पूर्ण होते का, हेही पाहून ठेवतात. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक व तिचा पोर्ट कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवल्यास बिघाडाच्या वेळी चुकीची, म्हणजे चांगली डिस्क काढली जाण्याचा धोका टळतो.

रेड हा राखीव प्रतीचा पर्याय नव्हे. रेड डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देते, चुकून पुसलेली फाइल, चोरी, आग किंवा विजेचा धक्का यांपासून देत नाही. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा '३-२-१' नियम नॅससाठीही तितकाच लागू होतो.

## हे सुद्धा पहा

* रेड
* झेडएफएस
* हार्ड डिस्क
* अखंडित वीजपुरवठा
* फ्रीबीएसडी