नदीकाठच्या सरकारी जमिनी (यवतमाळ जिल्हा)

नदीपात्र, त्यालगतची पडीत जमीन, पुराने साचलेली मळई आणि जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन यांची मालकी, वहिवाट व त्यांवरील वसाहत यांविषयीचे कायदे. अमेरिकेत 1862 च्या होमस्टेड कायद्याने संघराज्याची जमीन 160 एकरांपर्यंत वसाहतकऱ्यांस दिली; भारतात जमीन व वसाहत हे विषय संविधानाच्या राज्यसूचीत (नोंद 18) असल्याने वर्धा, पैनगंगा, अडाण, अरुणावती, बेंबळा व पूस या नद्यांच्या काठचा निर्णय राज्याचे महसूल खाते करते.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजी अमलाखाली आले. पुढे रयतवारी मोजणीने शेतांस सर्व्हे नंबर व हद्दीचे दगड मिळाले, पात्राचा काठ मात्र दर पुरागणिक सरकत राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 20 अन्वये खाजगी मालकीची नसलेली नद्यानाल्यांची पात्रे शासनाची ठरतात. शासनाकडे निहित झालेली मळई विकावयाची झाल्यास कलम 32 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने ती प्रथम लगतच्या काठाच्या भोगवटादारास देऊ करावयाची असते. अतिक्रमण हटविण्याचा अधिकार कलम 50 मध्ये, ते नियमित करण्याचा कलम 51 मध्ये आहे. भोगवटादार वर्ग 2 म्हणून मिळालेली जमीन परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही.

या चौकटीत सर्वांत कमी सामावतो तो डांगरवाडीचा कसणारा. पावसाळ्याचे पाणी उतरले की तो वाळूत खड्डे घेतो, त्यांत शेणखत भरून टरबूज व डांगर लावतो, वाळू उकरून लागलेल्या झऱ्याचे पाणी वेलांना घालतो आणि मृगाच्या आत सारे आवरून काठावर परततो. त्याने तयार केलेली जमीन पुढच्या पुरात वाहून जाते, त्यामुळे कायम वहिवाटीचा पुरावा त्याच्या हाती कधीच उरत नाही. हंगामी पट्टा देताना जास्त बोलीपेक्षा त्या वाळूतील पूर्वापार श्रमास अग्रक्रम मिळणे न्यायाचे आहे.

गाळपेर जमिनीबाबत असे तत्त्व शासनाने मान्यही केले आहे: पैनगंगेवरील इसापूरसारख्या धरणांच्या जलाशयात ती हंगामापुरती कसावयास देताना प्रकल्पग्रस्तांस प्राधान्य असते. कायम घरबांधणीस मात्र पूररेषांचे बंधन आहे. पंचवीस वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुरावर मुख्यतः आधारलेल्या निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, तर तेथून शंभर वर्षांच्या पुराच्या लाल रेषेपर्यंत ते नियंत्रित असते.