तेलाचा सण आणि बटाट्याची धिरडी



गेल्या श्रावणात एका बचत गटातल्या ताईंचा केंद्रावर फोन आला. त्यांनी विचारलं, "बटाटा परमुलखातून आला असं तुम्हीच मागे सांगितलंत. मग तो उपासाला कसा काय चालतो? आणि कांदा इथलाच असून तो का चालत नाही?" आम्ही आधी हसलो. मग गप्प बसलो, कारण उत्तर आमच्यापैकी एकीलाही देता येईना. त्या उपासाच्या ताटाकडे आम्ही शेवटी येणारच आहोत. पण शोधता शोधता आम्ही दुसऱ्याच एका स्वयंपाकघरात जाऊन पोचलो. ज्यू लोकांच्या. त्यांचाही एक सण बटाट्यावाचून होत नाही, आणि तिथेही बटाटा अगदी उशिरा आलेला पाहुणा आहे. आजची गोष्ट त्या पाहुण्याची.

सणाचं नाव हनुक्का. हा सण आठ दिवसांचा, बहुतेक डिसेंबरात येणारा. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि सूर्याशी मेळ घालायला त्यांनाही अधिक महिना घ्यावा लागतो, १९ वर्षांत ७ वेळा. किसलेव महिन्याच्या २५ तारखेला पहिला दिवा लागतो. म्हणजे चंद्र झिजत आलेला असतो आणि मधेच अमावास्या येते. दिवाळीसारखंच, काळोख्या रात्रीचे दिवे. पहिल्या दिवशी एक दिवा, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत आठव्या दिवशी आठ. शिवाय दिवे लावायला रोज एक चाकर दिवा वेगळा. आठ रात्रींची बेरीज करून बघा, ४४ होते. आम्ही बोटांवर मोजली.

या सणामागची कथा अशी. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास अँटिओकस नावाच्या ग्रीक वंशाच्या राजाने जेरुसलेमचं ज्यू मंदिर बाटवलं आणि ज्यूंच्या धर्मावर बंदी घातली. मक्काबी नावाच्या घराण्याने बंड केलं. तीन वर्षांनी, इसवी सनापूर्वी १६४ मध्ये, मंदिर परत मिळवून त्यांनी ते शुद्ध करून घेतलं. हनुक्का या शब्दाचा अर्थच 'पुन्हा अर्पण करणं'. त्या वेळी दिव्यासाठी शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली. ती एक दिवस पुरायची, पण आठ दिवस पुरली. गंमत म्हणजे त्या लढाईची जी सर्वांत जुनी बखर आहे तिच्यात तेलाच्या चमत्काराचा शब्दही नाही. ती कथा काही शतकांनंतर, ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात येते. तरी लोकांनी लढाईपेक्षा तेलच मनात धरलं. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. घरात उरलेलं एक दिवसाचं तेल आठ दिवस कसं पुरवायचं, हे कोणत्या बाईला कळत नाही?

तेलाचा सण म्हणून तेलात तळलेलं खायचं, इतकाच नियम. तेलात काय सोडायचं ते कुठे सांगितलेलं नाही. आम्हाला हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

आज जगभर हनुक्क्याचा पदार्थ म्हटला की लाटके. कच्चा बटाटा किसायचा, कांदा, अंडं, थोडं पीठ आणि मीठ घालून लहान लहान धिरडी तेलात कुरकुरीत तळायची. बरोबर शिजवलेल्या सफरचंदाचा गोडसर गर नाहीतर आंबट साय. आता कोणी बिटाचे लाटके करतं, कोणी गाजराचे, कोणी रताळ्याचे. त्यावर जुन्या वळणाच्या बायका नाक मुरडतात, की खरा लाटके तो बटाट्याचाच! पण त्यांच्या पणजीच्या पणजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, बटाटा? तो काय असतो?

कारण आधी होतं चीज. मध्ययुगात इटलीकडच्या ज्यू बायका ताज्या, पनीरासारख्या चीजची धिरडी तळायच्या. त्याला जोड होती युदित नावाच्या एका विधवेच्या कथेची. गावाला वेढा पडलेला, पुरुष शरण जाण्याच्या बेतात, तेव्हा ही बाई शत्रूच्या सेनापतीच्या तंबूत गेली. मध्ययुगातली कथा सांगते की तिने त्याला खारट चीज खाऊ घातलं, तहान लागली म्हणून तो दारू पीत गेला, आणि तो झिंगून पडल्यावर तिने त्याच्याच तलवारीने त्याचं डोकं उडवलं. ही कथा मुळात हनुक्क्याची नव्हेच, मागून जोडली गेली. पण जोडली ती पक्की. १६ व्या शतकात पोलंडमधल्या क्राकूव गावचे मोठे धर्मशास्त्री मोशे इसेर्लिस यांनीही हनुक्क्याला चीज खाण्याची चाल नोंदवून ठेवली आहे.

बायकांसाठी या सणात आणखी एक चाल आहे. दिवे जळत असतात तोवर, निदान अर्धा तास, बाईने काम करायचं नाही. शिवण नाही, धुणं नाही. कारण असं देतात की त्या सुटकेत बायकांचाही वाटा होता. पुरुषांना हा नियम लागू नाही. ही चाल आमच्या बैठकीत वाचून दाखवली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अर्धाच तास? आणि धिरडी मग कोण तळणार?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. तळणाला पुष्कळशा घरांत मोकळीक असते.

आता जरा उत्तरेला जाऊ. पोलंड, युक्रेन, लिथुआनिया. तिथे ऑलिव्हचं झाड जगत नाही, त्यामुळे ऑलिव्हचं तेल आणायचं म्हणजे श्रीमंताचं काम. डिसेंबरात बर्फ, दूधदुभतं आटलेलं. पण शरदात चारून लठ्ठ केलेले हंस याच दिवसांत कापत आणि त्यांची चरबी कढवून मडक्यांत भरून ठेवत. तळायला तीच. इथे एक अडचण येते. ज्यूंच्या आहारधर्मात दूध आणि मांस एकत्र चालत नाही, भांडीसुद्धा वेगळी. हंसाच्या चरबीत चीज तळणं म्हणजे अधर्म. झालं, चीज गेलं. त्याच्या जागी कुट्टूचं पीठ आलं, राय नावाच्या धान्याचं पीठ आलं. नाव मात्र तेलाचंच राहिलं. लाटके हा शब्द यिद्दिश भाषेतला. तो रशिया-युक्रेनकडच्या 'ओलादका' वरून आला आणि ओलादकाचं मूळ ग्रीक भाषेतल्या ऑलिव्हतेलाच्या शब्दात आहे. आपलंही तसंच की. 'तेल' हा शब्द तिळावरून आला आणि आता आपण शेंगदाण्याच्या, करडईच्या, सोयाबीनच्या रसालाही तेलच म्हणतो.

बटाटा आला तो यानंतर. दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगरात तिथले लोक हजारो वर्षं त्याची शेती करत होते. १६ व्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, पण युरोपने त्याला दोनशे वर्षं दारातच उभं केलं. जमिनीखाली वाढतो, धर्मग्रंथात नाव नाही, जनावरांना घाला! प्रशियाच्या राजा फ्रेडरिकला १७५६ मध्ये हुकूम काढावा लागला की बटाटा लावा म्हणून. पोलंड-युक्रेनकडे तो मोठ्या प्रमाणावर लावला गेला तो १८४० च्या आसपास, धान्याची पिकं बुडाली तेव्हा. थोड्या जमिनीत जास्त पोटं भरतात, तळघरात हिवाळाभर टिकतो. गरीब ज्यू घरांत मग सकाळी बटाटा, दुपारी बटाटा, रात्री बटाटा. सणाच्या दिवशी वेगळं काय करणार? पीठ महाग, चीज नाही. बाईने तोच रोजचा कंटाळवाणा बटाटा घेतला, पण उकडला नाही. किसला, पिळला, साठवलेल्या चरबीत तळला. झाला सण. आज ज्याला परंपरा म्हणतात ती दुष्काळातल्या कुणा बाईची युक्ती आहे, आणि ती जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे. तिचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

१८८१ ते १९१४ या काळात सुमारे २० लाख ज्यू पूर्व युरोप सोडून अमेरिकेला गेले. छळ आणि गरिबी, दोन्हींना कंटाळून. लाटके त्यांच्याबरोबर गेले. तिकडे १९११ मध्ये क्रिस्को नावाची वनस्पती चरबी बाजारात आली, आपल्या डालड्याच्या जातीची. सरकीच्या तेलापासून केलेली. दुधाची नाही, मांसाची नाही, म्हणजे कशाबरोबरही चालणारी. कंपनीला ज्यू बायकांची ही नड बरोबर कळली. १९३३ मध्ये तिने ज्यू गृहिणींसाठी यिद्दिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत पाककृतींचं पुस्तकच काढलं. हंसाची चरबी हळूहळू मागे पडली.

जेरुसलेमकडे मात्र वेगळंच घडलं. १९२० च्या दशकात तिथल्या ज्यू कामगार संघटनेने, तिचं नाव हिस्ताद्रुत, हनुक्क्याचा पदार्थ म्हणून लाटक्याऐवजी सुफगानिया पुढे आणली. ही जॅम भरलेली तळलेली गोड पावासारखी असते. कारण असं सांगतात की लाटके कोणीही घरी करतं, त्यातून कोणाला रोजगार मिळत नाही. सुफगानिया करायला भट्टीवाला लागतो, भट्टीवर कामगार लागतात. आम्ही यावर बराच वेळ बोललो. रोजगार मिळाला हे चांगलंच झालं. पण घरी किसणाऱ्या-पिळणाऱ्या बाईचं काम कामात धरलंच नाही, ते असं. आपल्यातल्या ज्या गटांनी घरची भाजणी आणि पापड पाकिटात घालून विकायला काढले, त्यांना या गोष्टीतली मेख चटकन कळेल. पाकिटावर किंमत लागली त्या दिवशी घरच्यांनी पहिल्यांदा विचारलं, किती वेळ लागतो गं तुला याला?

आता आपल्या रायगडाकडे या. अलिबाग, पेण, रोहा, तळ्याच्या गावांमधून बेने इस्रायल समाज कित्येक शतकं राहिला. त्यांची मातृभाषा मराठी, आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमचे केहिमकर, दिव्याचे दिवेकर. समाजाची कथा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, वाचले ते सात पुरुष आणि सात बायका. आणि त्यांचा धंदा कोणता? तेलाचा घाणा! शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी त्यांचा घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली.

आणि खरी मौज पुढे आहे. जगातल्या ज्यूंमध्ये तेल गाळणारे म्हणून ओळखले जाणारे हे आपले कोकणातले लोक, पण त्यांच्या जुन्या सणांत तेलाचा हा सणच नव्हता, असं त्यांच्या इतिहासात सांगतात. इतर ज्यूंशी संबंध वाढला तसा हनुक्का त्यांच्याकडे आला. त्यांचा स्वतःचा मानाचा पदार्थ म्हणजे मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. नवस फेडायला, शुभकार्याला करतात. म्हणजे त्यांनीही तेच केलं. कोकणात जे पिकतं, नारळ आणि भात, त्याचंच ताट सजवलं. १९४८ नंतर बरेचसे लोक इस्रायलला गेले. अलिबागेत इस्रायल आळी हे नाव अजून आहे, सिनेगॉगही आहे.

आणि ताईंचा प्रश्न? आमचं उत्तर असं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हे सगळं अमेरिका खंडातलं. राजगिराही तिकडचाच. पोर्तुगीज जहाजं आल्यानंतर यातलं बरंच आपल्याकडे पोचलं. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून उचलला, तोही मूळ रताळ्यासाठी! उपासाला धान्य वर्ज्य होतं, पण जे अजून आलंच नव्हतं ते वर्ज्य कोण करणार? आपल्या आज्या-पणज्यांनी ती फट बरोबर ओळखली. वरी आणि शिंगाडा तेवढे जुने.

लाटके आम्ही केंद्रावर करून पाहिले. पहिला घाणा पार फसला. किसात मीठ आधीच घातलं, पाणी सुटलं, तेलात गेल्यावर सगळं विरलं. मग नीट केलं. चार बटाटे आणि एक कांदा किसून सुती फडक्यात घट्ट पिळायचे. पिळलेलं पाणी फेकू नका. दहा मिनिटं ठेवलं की तळाशी पांढरं सत्त्व बसतं. वरचं पाणी ओता, ते सत्त्व किसात परत घाला, तेच बांधून धरतं. अंडं चालत नसेल तर दोन चमचे तांदळाचं पीठ. मीठ अगदी शेवटी. सपाट तव्यात बोटाच्या पेरापेक्षा कमी तेल, आच मध्यम. एका मैत्रिणीने अर्धं रताळं आणि मूठभर मेथी घातली, ते सगळ्यांत आधी संपले. आंबट सायीऐवजी आम्ही चक्का घेतला.

चार बटाट्यांत चौदा झाले. सोळा जणी होतो.