शेळगावच्या घड्याळात पहाटेचे साडेपाच

ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना तारीख, वेळ आणि टाइम झोन विचारला जातो. बहुतेक जण न वाचताच ‘नेक्स्ट’ दाबतात. तारखेचा हिशेब चुकला तर काय होतं, हे २९ फेब्रुवारी २०१२ रोजी, बुधवारी, मायक्रोसॉफ्टच्या ‘अझूर’ या क्लाउड सेवेत दिसलं. घटनाक्रम कंपनीने नंतर स्वतःच जाहीर केला. इथे त्यातल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेत, म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या घड्याळाप्रमाणे दिल्या आहेत.

रात्री १२:००. शेळगावात २९ फेब्रुवारी सुरू झाली. अझूरचे सर्व्हर मात्र यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ पाळतात. तिथे अजून २८ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजले आहेत. चूक प्रोग्रॅममध्ये आधीपासूनच आहे. ती फक्त तारीख बदलण्याची वाट पाहते आहे.

पहाटे ५:३०. यूटीसीत मध्यरात्र झाली. नवी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर चालणारा आभासी संगणक, सुरू झाली की तिच्यातला प्रोग्रॅम एक वर्ष मुदतीचं प्रमाणपत्र बनवतो. मुदत ठरवताना तो वर्षात फक्त एक मिळवतो. उत्तर येतं २९ फेब्रुवारी २०१३. असा दिवस कॅलेंडरमध्ये नाही. प्रमाणपत्र बनत नाही आणि प्रोग्रॅम बंद पडतो.

५:५५. सर्व्हर २५ मिनिटं उत्तराची वाट पाहून मशीन पुन्हा सुरू करतो. तारीख तीच, त्यामुळे निकालही तोच.

६:४५. तीनदा अपयश आल्यावर यंत्रणा समजते की सर्व्हरचं हार्डवेअरच बिघडलं आहे. ती त्यावरच्या मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवते. तिथे त्या नव्याने सुरू होतात आणि पुन्हा पडतात. दुरुस्तीसाठी केलेली सोयच बिघाड पसरवू लागते.

८:०८. अभियंत्यांना चूक सापडली.

८:२५. नवी मशीन सुरू करण्याची आणि जुनीत बदल करण्याची सोय जगभर बंद केली. असा निर्णय अझूरने पहिल्यांदाच घेतला. सुरू असलेल्या मशीन चालू राहिल्या.

दुपारी १२:५०. दुरुस्त प्रोग्रॅम तयार झाला. चाचणी संपायला ३:२० वाजले.

४:१७. यंत्रणेची नवी आवृत्ती बसवण्याचं काम अर्धवट राहिलेल्या, सर्व्हरच्या सात समूहांवर घाईने दुरुस्ती टाकली गेली. तिच्यात एकमेकांशी न जुळणारे दोन भाग होते. चांगल्या चाललेल्या मशीनचंही नेटवर्क तुटलं.

संध्याकाळी ६:५३. सकाळी बंद केलेली सोय बहुतेक ठिकाणी पूर्ववत झाली. ते सात समूह मात्र अजून अडकलेले होते.

१ मार्च, दुपारी ३:४५. सगळी सेवा सुरळीत झाली. पहिल्या अपयशापासून ३४ तास १५ मिनिटं गेली होती. ग्राहकांना त्या महिन्याच्या बिलात ३३ टक्के सूट मिळाली.

इथे घड्याळ अचूक होतं; चुकला तो तारखेचा हिशेब. घड्याळच चुकीचं असेल, तर बरोबर लिहिलेला प्रोग्रॅमही फसतो. संगणक मागच्या तारखेवर असला की संकेतस्थळाचं नवं प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारलं जातं. लिनक्स सहसा संगणकाचं आतलं घड्याळ यूटीसीत ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळेत. एकाच लॅपटॉपवर दोन्ही टाकले की वेळ साडेपाच तासांनी पुढेमागे होते, ती याचमुळे.

म्हणून लिनक्स टाकताना यादीत पुणे-मुंबई शोधू नका, ‘एशिया/कोलकाता’ निवडा. विंडोजमध्ये यूटीसी+५:३० निवडा. फक्त लिनक्स असेल, तर आतलं घड्याळ यूटीसीत ठेवा. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय चालू करा. प्रोग्रॅम लिहीत असाल, तर २९ फेब्रुवारी घालून तो आजच तपासा. पुढची मोठी तारीखही ठरलेली आहे: १९ जानेवारी २०३८, शेळगावात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्यानंतर वेळ ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या प्रणाली थेट १९०१ सालात जातील. त्या बदलायला अजून वेळ आहे. तो वाया घालवू नका.