बुडणाऱ्यासाठी कोण थांबणार? जर्मन यू-बोटी आणि समुद्रावरचा जुना नियम

जर्मन पाणबुड्यांचा इतिहास सांगायचा म्हटला की सुरुवात बहुधा आकड्यांनी होते. किती लाख टन जहाजं बुडवली, कोणत्या कप्तानाला कोणतं पदक मिळालं, वगैरे. ते आकडे आजही येतील. पण आज आम्ही एकच प्रश्न हातात धरून दोन्ही महायुद्धांतून फिरणार आहोत. जहाज बुडालंय, माणसं पाण्यात आहेत. त्यांना उचलायला कोण थांबणार?

समुद्रावर याचं उत्तर फार जुनं आहे. जो जवळ असेल त्याने थांबायचं. बुडणारा कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा, हे विचारायचं नाही. आपल्या कोकणकिनाऱ्यावरच्या कोणत्याही तांडेलाला विचारा, तो हेच सांगेल. पाणबुडी आली आणि पहिला घाव या नियमावर बसला.

तारीख २२ सप्टेंबर १९१४. महायुद्ध सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. हॉलंडच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिशांच्या तीन जुन्या क्रूझर गस्त घालत होत्या: अबूकिर, होग आणि क्रेसी. समोर होती यू-९ नावाची एक छोटी जर्मन पाणबुडी, कप्तान ओटो वेडिगेन. सकाळी त्याचा पहिला टॉर्पेडो अबूकिरला लागला. ब्रिटिशांना वाटलं, जहाज सुरुंगावर गेलं. आता बघा, बाकीच्या दोन जहाजांनी काय केलं? जे कोणताही खलाशी करेल तेच. ती जवळ आली, थांबली, होड्या खाली सोडल्या आणि माणसं उचलू लागली. उभं जहाज म्हणजे पाणबुडीला आयतं लक्ष्य. वेडिगेनने आधी होग बुडवली, मग क्रेसी. तास-सव्वा तासात तीन जहाजं आणि साधारण १,४५० माणसं गेली. जी वाचली त्यांतली बरीचशी वाचली ती फ्लोरा नावाच्या एका डच आगबोटीमुळे. तिचा या युद्धाशी काही संबंध नव्हता. सुरुंगाची किंवा पाणबुडीची भीती तिलाही होतीच, तरी ती थांबली.

यानंतर ब्रिटिश नौदलाने हुकूम काढला की पाणबुडीचा धोका असेल तिथे मोठ्या जहाजांनी बुडणाऱ्यांसाठी थांबायचं नाही. हा हुकूम जरा लक्षात ठेवा. अठ्ठावीस वर्षांनी असाच एक हुकूम दुसऱ्या बाजूने निघणार आहे.

आता ही झाली युद्धनौकांची गोष्ट. व्यापारी जहाजांसाठी नियम वेगळा होता. त्याला आपण जप्तीचा नियम म्हणू. शत्रूचं व्यापारी जहाज दिसलं तर आधी ते थांबवायचं, कागदपत्रं तपासायची, आणि बुडवायचंच असेल तर त्यावरच्या माणसांना आधी सुरक्षित जागी पोचवायचं. सुरुवातीला जर्मन पाणबुड्या हा नियम पाळत होत्या, बरं का! ऑक्टोबर १९१४ मध्ये नॉर्वेजवळ यू-१७ ने ग्लिट्रा नावाची ब्रिटिश आगबोट अडवली. पाणबुडीने बुडवलेलं हे पहिलं व्यापारी जहाज. पण बुडवण्याआधी तिच्यावरच्या लोकांना होड्यांमध्ये उतरवलं, आणि त्या होड्या दोरखंड लावून किनाऱ्याच्या दिशेने ओढत नेल्या.

मग हे बिघडलं कुठे? पाणबुडीची रचना समजून घेतली की उत्तर सापडतं. त्या काळची पाणबुडी म्हणजे खरं तर जरूर पडली तर बुडी मारणारी होडी. पाण्यावर डिझेल इंजिनावर चालायचं, पाण्याखाली बॅटरीवर. बॅटरी लवकर उतरते आणि वेगही तुटपुंजा. तिचं सगळं बळ लपण्यात. जहाज थांबवून कागद तपासायचे तर वर यावं लागतं. वर आली की तोफेचा एक नेमका गोळाही तिला भारी पडू शकतो. आणि सुरक्षित जागा देणार कुठून? आत स्वतःच्या माणसांनाच धड झोपायला जागा नसते.

ब्रिटिशांनी हे लगेच ओळखलं. त्यांनी व्यापारी जहाजांवर तोफा बसवल्या. शिवाय साध्या मालवाहू बोटीचं सोंग घेतलेली, पोटात तोफा लपवलेली जहाजं समुद्रात सोडली. पाणबुडी नियम पाळून वर आली की पडदे खाली आणि गोळीबार सुरू. दुसरीकडे ब्रिटिश नौदलाने जर्मनीची अशी नाकेबंदी केली होती की अन्नाचा तुटवडा जर्मन घराघरात पोचला. फेब्रुवारी १९१५ मध्ये जर्मनीने ब्रिटनभोवतीचा समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केला आणि तिथे शत्रूचं जहाज इशाऱ्याशिवाय बुडवू असं बजावलं. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडजवळ यू-२० ने लुसिटानिया बुडवली. ते अवाढव्य प्रवासी जहाज अवघ्या १८ मिनिटांत गेलं आणि त्यासोबत सुमारे १,२०० माणसं. जहाजावर रायफलीच्या काडतुसांच्या पेट्या होत्या, हे खरं. बायका-मुलं होती, हेही तितकंच खरं.

अमेरिका खवळली, जर्मनीने पाऊल मागे घेतलं, प्रवासी जहाजांना अभय दिलं. पण कागदावरचं अभय समुद्रात पोचतंच असं नाही. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ यू-३८ ने पर्शिया हे जहाज इशाऱ्याशिवाय बुडवलं. ते लंडनहून मुंबईला निघालं होतं. काही मिनिटांत तीनशेच्या वर माणसं गेली, आणि त्यांत हिंदी खलाशीही होते.

१ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने उरलासुरला संकोचही सोडला. हिशोब असा होता की अमेरिका युद्धात उतरली तरी तिचं सैन्य पोचायच्या आत ब्रिटन उपासमारीने शरण येईल. एप्रिलमध्ये साडेआठ लाख टनांच्या आसपास जहाजं बुडाली. त्याच महिन्यात अमेरिका युद्धात उतरली. आणि ब्रिटनने जहाजं एकेकटी सोडण्याऐवजी युद्धनौकांच्या पहाऱ्यात तांड्याने न्यायला सुरुवात केली. जर्मनांचा हिशोब तिथे चुकला.

युद्ध संपलं. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला पाणबुड्या बाळगायला बंदी घातली. १९३५ मध्ये ब्रिटनशी करार झाला आणि ती बंदी सुटली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जुना जप्तीचा नियम पुन्हा लिहून काढला गेला: पाणबुडीनेही आधी माणसं सुरक्षित जागी पोचवायची. जर्मनीने त्याला मान्यता दिली. गंमत अशी की नियम तोच, पाणबुडीही मुळात तशीच. पहिल्या युद्धात जे जमलं नव्हतं ते आता जमेल, असं सगळ्यांनी कागदावर मान्य केलं. आणि ३ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारलं त्याच दिवशी, यू-३० ने अथेनिया हे प्रवासी जहाज बुडवलं.

जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख होता कार्ल डोनिट्झ. पहिल्या युद्धात तो स्वतः पाणबुडीचा कप्तान होता आणि ब्रिटिशांच्या कैदेत पडला होता. १९३९ च्या अखेरीसच त्याने एक कायमचा हुकूम काढला होता की कोणाला वाचवू नका, कोणाला बरोबर घेऊ नका. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट ऐकताना डोनिट्झला नंतर नाइलाज झाला असं वाटू शकतं. तसं नव्हतं.

१७ सप्टेंबर १९४० ची रात्र घ्या. सिटी ऑफ बनारस हे जहाज कॅनडाला चाललं होतं. बॉम्बवर्षावापासून दूर पाठवलेली ९० ब्रिटिश मुलं त्यावर होती आणि बरेचसे कर्मचारी हिंदी खलाशी होते. पहाऱ्याच्या युद्धनौका त्याच दिवशी तांडा सोडून गेल्या होत्या. यू-४८ चा टॉर्पेडो लागला आणि तांड्यातली बाकीची जहाजं, हुकमाप्रमाणे, पांगली. कोणी थांबलं नाही. मदतीला निघालेली युद्धनौका दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. ९० पैकी ७७ मुलं गेली. होड्यांमध्ये थंडीने गारठून किती हिंदी खलाशी मेले, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. एक होडी आठ दिवस भरकटत राहिली. तिच्यात ४६ जण होते: सहा मुलगे, त्यांना सांभाळणारी मेरी कॉर्निश नावाची संगीतशिक्षिका, एक पाद्री, जहाजाचे अधिकारी, आणि बहुतेक सगळे हिंदी खलाशी. शेवटी एका विमानाला ती दिसली.

तांड्यातल्या जहाजाने थांबायचं नाही, हा नियम निष्ठुर वाटतो. पण १९१४ च्या त्या सकाळनंतर तो कोणालाही खोडून काढता आला नाही. त्यावर ब्रिटिशांनी १९४१ पासून एक साधा तोडगा काढला. किनारी वाहतुकीच्या छोट्या बोटी घेतल्या, त्यांवर डॉक्टर आणि अंथरुणं ठेवली, आणि त्या तांड्याच्या शेपटाला लावल्या. त्यांचं काम एकच, थांबायचं. त्यांतल्या काही स्वतः बुडाल्या. पण त्यांनी चार हजारांहून अधिक जीव वाचवले.

आता येऊ सप्टेंबर १९४२ ला. पश्चिम आफ्रिकेपासून दूर, भर अटलांटिकमध्ये, यू-१५६ च्या वेर्नर हार्टेनस्टाइनने लॅकोनिया हे ब्रिटिश जहाज बुडवलं. अंधारात जवळ जाऊन ऐकतो तर पाण्यातली माणसं इटालियन भाषेत ओरडत होती. जहाजावर सुमारे १,८०० इटालियन युद्धकैदी होते, म्हणजे जर्मनीच्याच मित्रराष्ट्राचे सैनिक. हार्टेनस्टाइनने माणसं उचलायला सुरुवात केली. आधी इटालियन, मग ब्रिटिशही, बायका-मुलंही. पहाटेपर्यंत १९३ माणसं त्या चिंचोळ्या पाणबुडीवर होती. मग त्याने उघड उघड इंग्रजीत बिनतारी संदेश पाठवला, स्वतःची जागा सांगितली, आणि जो मदतीला येईल त्याच्यावर हल्ला करणार नाही असा शब्द दिला.

डोनिट्झने त्याला अडवलं नाही, उलट आणखी दोन पाणबुड्या पाठवल्या. एक इटालियन पाणबुडीही आली. चार दिवस शत्रूच्या बायका-मुलांना सूप आणि कॉफी देत, होड्या मागे ओढत, या पाणबुड्या चालल्या होत्या. १६ सप्टेंबरला असेन्शन बेटावरून एक अमेरिकन लिबरेटर विमान आलं. पाणबुडीवर रेडक्रॉसचा भलामोठा झेंडा पसरला होता. विमानाने वर विचारणा केली, हुकूम आला, आणि बॉम्ब पडले. एक होडी उद्ध्वस्त झाली. हार्टेनस्टाइनला माणसं पुन्हा पाण्यात उतरवून बुडी मारावी लागली. शेवटी फ्रेंच जहाजं पोचली. जहाजावरच्या सुमारे २,७०० पैकी १,१०० च्या आसपास माणसं वाचली.

दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, डोनिट्झचा नवा हुकूम निघाला. पोहणाऱ्यांना उचलायचं नाही, उलटलेली होडी सरळ करायची नाही, अन्नपाणी द्यायचं नाही. मन घट्ट करा, असंही त्यात होतं. हार्टेनस्टाइन पुढच्या मार्चमध्ये आपल्या सगळ्या माणसांसह वेस्ट इंडीजच्या समुद्रात बुडाला.

न वाचवण्यापासून मारण्यापर्यंतचं अंतर किती असतं? मार्च १९४४ मध्ये यू-८५२ ने पेलेउस हे ग्रीक जहाज बुडवलं आणि तरंगणाऱ्या तराफ्यांवर मशीनगन चालवली. त्या कप्तानाला, हाइन्झ एकला, ब्रिटिशांनी खटला चालवून गोळ्या घातल्या.

न्यूरेम्बर्गला डोनिट्झवर खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या वकिलाने अमेरिकन ॲडमिरल निमिट्झची लेखी साक्ष मागवली. निमिट्झने सरळ सांगितलं की पॅसिफिकमध्ये अमेरिकन पाणबुड्याही पहिल्या दिवसापासून इशाऱ्याशिवाय जपानी जहाजं बुडवत होत्या. न्यायालयाने डोनिट्झचे हुकूम निषेधार्ह ठरवले, नियम मोडल्याचंही म्हटलं, पण त्याची दहा वर्षांची शिक्षा या मुद्द्यावर आधारली नाही. याचा अर्थ तो निर्दोष होता असा नाही. तो शेवटपर्यंत हिटलरचा निष्ठावंत होता आणि इतर आरोपांवर दोषी ठरला. अर्थ एवढाच की पाण्यातल्या माणसाच्या बाबतीत न्यायाधीशांच्या बाजूचेही हात कोरडे नव्हते.

यू-बोटींवरच्या सुमारे ४०,००० माणसांपैकी तीन-चतुर्थांश परतली नाहीत. डोनिट्झचा धाकटा मुलगाही त्यांत होता. आणि दुसऱ्या बाजूला? मुंबईत मस्जिद बंदरला, पी. डिमेलो रोडच्या बाजूला खलाशांचं एक आश्रयस्थान आहे. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. पहिल्या युद्धातले दोन हजारांवर, आणि दुसऱ्या युद्धातल्या सहा हजारांहून अधिक जणांची नावं तिथल्या नोंदवहीत. सगळेच यू-बोटींनी मारले असं नव्हे, पण व्यापारी जहाजांवर मरण येत होतं ते बहुतेक पाण्याखालूनच. डेकवर रत्नागिरीचे, खानपानाला गोव्याचे, अशी माणसं या जहाजांवर होती. गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार फारच कमी, आणि टॉर्पेडो मात्र तोच.

आम्ही सुरुवातीला विचारलं होतं, कोण थांबणार? फ्लोरा थांबली. शेपटाकडच्या त्या छोट्या बोटी थांबल्या. चार दिवस हार्टेनस्टाइनही थांबला. बाकी सगळ्यांकडे न थांबण्याचा हुकूम होता, आणि त्या प्रत्येक हुकमामागे कारणही होतं. मस्जिद बंदरच्या बाजूला कधी गेलात तर पाच मिनिटं आपणही थांबूया.