‘वली’ म्हणजे ओळ नव्हे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ‘वली’ किंवा ‘ओली’ने संपणारी गावे पदोपदी भेटतात: आंबिवली, जांभिवली, चिंचवली, दहिवली, वाशिवली, उमरोली, पिंपळोली, सावरोली, कर्जत-खोपोली लोहमार्गावरची केळवली. या नावांची एक फोड रूढ आहे. ‘वली’ म्हणजे संस्कृत ‘आवली’, म्हणजे रांग. आंब्यांची रांग ती आंबिवली, चिंचांची ती चिंचवली. फोड देखणी आहे आणि पहिल्या पदात झाड दिसत असल्याने चटकन पटते. पण मराठीच्या ध्वनिनियमांपुढे ती टिकत नाही.

संस्कृतात दोन स्वरांमध्ये आलेला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो: फल-फळ, कमल-कमळ, माला-माळ. जोड ‘ल्ल’ मात्र ‘ल’च राहतो: गल्ल-गाल, फुल्ल-फूल. ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील ग्रंथात हा भेद नोंदवला आहे. ‘आवली’तला ‘ल’ एकेरी आहे. म्हणूनच ‘आवली’ची ‘ओळ’ झाली आणि दीपावलीची दिवाळी. आंबिवलीत खरोखर ‘आवली’ असती, तर तिथेही ‘ळ’ ऐकू आला असता. या गावांच्या तोंडी तो नाही.

यावर कोणी म्हणेल, नामावली, रत्नावली यांत ‘ल’ टिकलाच ना? टिकला, कारण ते पंडितांनी संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले शब्द आहेत. गावांची नावे पोथीतून आलेली नाहीत. शेतकऱ्यांच्या तोंडी शतकानुशतके ती घासली गेली. देशावर चिंचोळीसारखी नावे आहेत, तिथे ‘ओळ’ मानायला जागा आहे. पण त्याच कारणाने ती चिंचवलीहून वेगळी ठरतात. शिवाय दहिवलीत रांग कशाची लावायची?

मग ‘वली’ आली कुठून? ‘पल्ली’पासून. स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो: दीप-दिवा, कपाट-कवाड, सपत्नी-सवत. समासात ‘पल्ली’ दुसऱ्या पदी आली की तिचा ‘प’ दोन स्वरांत सापडतो आणि ‘वली’ होते. पुढे ‘अव’चा ‘ओ’ होतो, जसे लवण-लोण, नवनीत-लोणी. तशी उमरोली, सावरोली. आणि ‘पल्ली’ एकटी उभी राहिली, तर आरंभीचा ‘प’ शाबूत राहून ‘पाली’ मिळते. खालापूरच्या दक्षिणेला, सुधागडात, बल्लाळेश्वराची पाली आहेच. ‘प’, ‘ल्ल’ आणि ‘अव’ या तिन्ही ध्वनींचा हिशेब या एकाच व्युत्पत्तीने जुळतो. बोरिवली, डोंबिवली, कणकवली हीही याच कुळातली.

संस्कृत कोशांत ‘पल्ली’ म्हणजे लहान गाव, विशेषतः रानात राहणाऱ्यांची वस्ती. हा शब्द मुळात द्राविडी मानला जातो. तिरुचिरापल्लीत तो आजही ऐकू येतो. यावरून कोणत्या जमातीने कोणते गाव वसवले हे सिद्ध होत नाही, आणि तसा दावा कोणी करू नये. पण एवढे निश्चित म्हणता येते: ‘आवली’ मानली की या नावांत फक्त झाडे उरतात, ‘पल्ली’ मानली की त्या झाडांखाली घरे बांधून राहिलेली माणसे दिसतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या त्या माणसांचा लेखी इतिहास फारसा उरलेला नाही. गावाचे नाव हाच त्यांचा दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवज वाचताना सोयीचा नव्हे, खरा अर्थ लावणे हे आपले कर्तव्य आहे.